ऊब न काढलेली रास

३ डिसेंबर

चि. डावऱ्यास तुझ्या बापाचे आशीर्वाद.

आणि त्याआधी, हे पत्र फोडून वाचणाऱ्या तुरुंगातल्या साहेबांना नमस्कार. साहेब, मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, अक्षर किडमिडं आहे, डोळ्यांना त्रास होईल, माफी असावी. मागच्या पत्रातल्या चार ओळी तुम्ही काळ्या केल्यात असं सूनबाईला तिथल्या शिपायाने सांगितलं. त्या ओळींत मी फक्त गोदामाच्या दाराला नवी कडी लावल्याचं लिहिलं होतं. कसली कडी, कुणासाठी कडी, असा तुम्हाला संशय आला असेल. तुमचं कामच ते.

पत्रास कारण की, असं लिहायची पद्धत आहे. कारण काही नाही. थंडी पडली.

डावऱ्या, तू आत गेल्यापासूनची ही तिसरी थंडी. बारा वर्षांची शिक्षा, त्यातल्या तीन. तुझं एकही उत्तर नाही, पण पत्रं परतही येत नाहीत, म्हणजे पोचत असावीत. माझे गुडघे गेलेत, खोकला आहे, आणि सकाळी उठल्या उठल्या छातीत धडधडतं. वैद्य म्हणतो काही नाही. त्याला काय जातंय म्हणायला.

माल यायला लागला. मेंढ्यांची कातडी नव्वद झाली, सशांची दोन पोती, कोल्हे यंदा कमी. तुझी बायको माझ्याबरोबर उभी राहते. पहिल्या वर्षी तिला वासाने ओकाऱ्या यायच्या, आता ओंडक्यावर कातडं टाकून रापीने चरबी अशी खरवडते की बघत राहावं. मी तिला पहिल्यापासून शिकवतो आहे, जसं तुला शिकवलं. जनावर सोललं तरी त्याची ऊब कातड्यात राहते. वरून हात लावला तर गार लागतं, घडीच्या आत गरम असतं. एकेक कातडं फळीवर पसरायचं, मांसाची बाजू वर, पूर्ण निवू द्यायचं, मग खडेमीठ, मग घडी, मग रास. ऊब न काढता रास लावली की ती आतल्या आत शिजते आणि महिन्याभरात केस मुठीत येतात. लोकांना ऊब म्हटली की बरं वाटतं. आपल्या धंद्यात ऊब म्हणजे नाश.

तिने विचारलं, "मामंजी, त्या वर्षीची रास अशीच गेली का?"

मी सांगितलं, ती मिठाने गेली. आणि तसंच आहे. मीठवाल्याने आपल्याला एकदा वापरलेलं, ओलं मीठ दिलं. तू भर बाजारात त्याची गचांडी धरलीस आणि म्हणालास, "तुला याच मिठात घालून ठेवीन." चुकीचं बोलला नाहीस, पण चारचौघांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो इथे, आपल्या गोदामात मेला, आणि लोक धावत आले तेव्हा तू त्याच्याजवळ गुडघ्यावर होतास, तुझी सुरी तुझ्या हातात. मी मागे फळ्या धूत होतो.

जास्त लिहीत नाही. साहेब वाचतात.

तुझा बाप


१८ डिसेंबर

चि. डावऱ्यास आशीर्वाद. वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार, आणि हात जोडून विनंती, की आजच्या ओळी काळ्या न करता वरच्या साहेबांना दाखवाव्यात.

परवा दुपारी मीठवाल्याचा भाऊ गोदामात आला. हातात पहार. मी राशीवर डांबरगोळ्या टाकत होतो. तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "म्हाताऱ्या, राशी सुरेख लावल्यास. माझा भाऊ म्हणायचा, कातडी राखावी तर तू. दुसऱ्यांचीही आणि स्वतःचीही."

मी म्हणालो, "बस, चहा घे."

त्याने पहार उचलून काट्यावर घातली. दांडी वाकली, पारडं माझ्या पायावर पडलं. दुसरा घाव मिठाच्या पिंपावर. तिसरा माझ्यासाठी होता, पण मी खाली पडलो म्हणून खांद्याला चाटून गेला. हाड वाचलं, मांस काळंनिळं झालंय. उताणा पडून मी त्याचे बूट बघत होतो आणि मला वाटलं, आता डोक्यात घालेल. खोटं कशाला सांगू, माझं धोतर ओलं झालं.

तुझी बायको आतून आली. हातात सोलायची सुरी तशीच, कोल्हा अर्धा सोललेला सोडून आलेली, कोपरापर्यंत रक्त. तो हसला. "बाई, सुरी खाली ठेव. तुमच्या घरातल्या सुऱ्या आम्ही पाहिल्यात."

ती म्हणाली, "पाहिल्यात ना? मग लांब उभे राहा."

तो लांब झाला. जाताना दारातून मला म्हणाला, "आत माझा एक माणूस आहे. तुझ्या पोराला माझा निरोप मिळेल."

साहेब, एवढंच. तो माणूस कोण ते मला माहीत नाही. माझ्या मुलाला वेगळ्या बराकीत ठेवा. तो शीघ्रकोपी आहे, तोंडाचा फाटका आहे, पण हात उगारत नाही.

डावऱ्या, तू भिंतीला पाठ लावून झोप.

तुझ्या बायकोने त्या रात्री काटा ठोकून सरळ केला. मला म्हणाली, "मामंजी, तो राखण्याचं बोलला. कातडी राखायचं. असं का बोलला?"

मी म्हटलं, टोमणा आहे, दुसरं काय.

तिला मी आता सुरीच्या खुणा वाचायला शिकवतो आहे. सोलताना सुरी घसरली की कातड्यावर जी चीर पडते तिला डोकं आणि शेपूट असतं, हे तुला सांगायला नको. सुरी शिरते तिथे डोकं जाड, आणि माणूस हात आपल्याकडे ओढतो तिकडे शेपूट बारीक होत जातं. उजव्या हाताचं शेपूट उजवीकडे, डाव्याचं डावीकडे. पोत्यातली शंभर कातडी तिच्यापुढे टाकली, तिने कोणती कुठल्या शिकाऱ्याची ते वेगळी करून दाखवली. तीन चुकली. तू पहिल्या वर्षी अकरा चुकला होतास.

तुझा बाप


६ जानेवारी

डावऱ्या,

मीठवाल्याचा भाऊ तुरुंगातली सरकारी चिठ्ठी आली त्याच्या चार दिवस आधी आला. यावेळी मोकळ्या हातांनी. दारातच उभा राहून म्हणाला, "डावा हात. लोखंडी दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. चार बोटं. अंगठा राहिला."

मी हातातली घडी फळीवर ठेवली.

"तूच सांगितलंस ना न्यायालयात, कुठल्या हाताने मारलं ते. नाहीतर आम्हाला कसं कळणार होतं कुठला हात." मग म्हणाला, "हाताचा हिशेब झाला. थंडी सरायच्या आत बाकीचा डावऱ्या." आणि माझ्या पाठीवर थाप मारून गेला, ओळखीच्या माणसाला मारतात तशी.

चिठ्ठीत लिहिलंय की कामावर असताना कैद्याला इजा झाली, दोन बोटं काढावी लागली. साहेब, इजा झाली असं कसं लिहिता. दार आपोआप लागतं का.

डावऱ्या, तुझ्या बायकोने चिठ्ठी वाचली, घडी घातली, आणि दिवसभर सशांची कातडी सोलत राहिली. साठ ससे. एकही चीर नाही. संध्याकाळी तिने विचारलं, "दोन बोटांनी सुरी धरता येते का?" मी म्हटलं, येते. येत नाही.

मला तुझा तो हात आठवतो. तू डाव्या हाताने जेवायचास, तेव्हा मी ओल्या कातड्याची वादी करून तुझा हात पाठीशी बांधायचो. वादी सुकली की आवळते हे मला माहीत होतं, तुला नव्हतं. एकदा बोटं निळी पडली, तुझ्या आईने वादी कापून काढली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तरी तू डावराच राहिलास. शेवटी मीच हरलो आणि म्हटलं, सोल बाबा डाव्या हाताने. आणि तू सोललंस ते असं, की बाहेरगावचे खरेदीदार विचारायचे, हे डाव्या हाताचं काम कुणाचं, याच्यात चीर का सापडत नाही.

न्यायालयाचं म्हणशील तर मी काही खोटं बोललो नाही. सरकारी वकिलाने मीठवाल्याचा कोट माझ्या हातात दिला. मेंढीचं कातडं बाहेर, लोकर आत, तो कोट मीच बारा वर्षांपूर्वी शिवून दिला होता. वकील म्हणाला, "तुम्ही चाळीस वर्षं कातडी हाताळलीत. हा वार कुठल्या हाताचा?" मी जे हातात होतं ते वाचलं. शेपूट डावीकडे जात होतं. तेवढंच मी म्हणालो. बाकीचं न्यायाधीशांनी ठरवलं. त्या दिवशी मी दाराशी उभा होतो म्हणून मला काही

ही ओळ राहू दे.

साहेब, त्याला दवाखान्यातच ठेवा. थंडी सरेपर्यंत तरी.

तुझा बाप


२३ जानेवारी

चि. डावऱ्यास आशीर्वाद. साहेबांना नमस्कार.

दवाखान्यातून तुला पुन्हा बराकीत पाठवल्याचं कळलं. खालून वरून पांघरूण घेत जा. मी वरच्या साहेबांना अर्ज केला आहे, पोच आली नाही.

इथे एक गोष्ट झाली. मोठी नाही. मीठवाल्याची बायको नळावर तुझ्या बायकोला भेटते. बोलतात का, माहीत नाही, पण एकमेकींची घागर उचलून देतात. परवा ती एक गाठोडं घेऊन मागच्या दाराने आली. आत तो कोट. न्यायालयातून तिला परत मिळाला होता आणि तिने तो तसाच पेटीत ठेवला, रक्तासकट. आता किडे लागलेत. ती म्हणाली, "माणूस तर गेला. कोट तरी राहू दे. दुसरं कोण करणार हे काम." आणि माझ्याकडे न बघता गेली.

मी म्हटलं, जाळून टाक, ते किडे बाकीच्या मालाला लागतील. तुझ्या बायकोने ऐकलं नाही. तिने तो झटकला, घासला, कातडं बाहेर करून फळीवर पसरला, चार कोपऱ्यांना खिळे मारले. मी चष्मा शोधत होतो. चष्मा माझ्या कपाळावर होता.

ती बराच वेळ वाकून बसली होती. मग म्हणाली, "मामंजी, इकडे या."

"मला दिसत नाही त्या उजेडात."

"तुम्ही नका बघू. मी सांगते, तुम्ही फक्त चुकलं तर चुकलं म्हणा. डोकं इथे, बरगडीच्या खाली. शेपूट इकडे. उजवीकडे."

मी म्हणालो, "कोट जुना आहे. ताणला गेलाय."

"ताणला तर चीर रुंद होते. शेपूट फिरत नाही. तुम्हीच शिकवलंत."

तिने खिळे काढले, कोट उलटा केला, लोकर बाहेर, आणि पुन्हा पाहिलं. लोकर बोटांनी बाजूला करून. मग ती खूप हळू बोलली, जशी आजारी माणसाशी बोलतात. "आता डावीकडे दिसतं. मामंजी, तुम्हाला तिथे कोट दिला तेव्हा कुठली बाजू वर होती?"

पहिल्याच दिवशी मी तिला सांगितलं होतं. कातडं हातात घेतलं की आधी बघ, कुठली बाजू वर आहे. केसांची का मांसाची. एका बाजूचं उजवं ते दुसऱ्या बाजूचं डावं. पोरासोरांनाही कळतं हे.

मी म्हणालो, "वकिलाने जशी दिली तशी."

मला वाटतं वकिलाने कातडं बाहेर करूनच दिला होता.

कोट तिने दाराच्या मागे टांगला आहे. येता जाता माझ्या अंगाला लागतो.

तुझा बाप


११ फेब्रुवारी

डावऱ्या,

साहेबांना आज नमस्कार लिहिला नाही, राग नसावा, मन ठिकाणावर नाही.

कोपऱ्यातली रास गेली. चाळीस मेंढ्या. जानेवारीच्या शेवटी माल एकदम आला, तुझी बायको तुझ्या भेटीला रांगेत उभी राहायला गेली होती. तू तिलाही भेटला नाहीस म्हणे, पुन्हा दवाखान्यात आहे म्हणून परत पाठवलं. इथे मी एकटा. पाठ भरून आली होती, हात गारठले होते, फळ्यांवर जागा नव्हती. मी म्हटलं, बाहेर एवढा गारठा आहे, कातडं काय गरम राहतंय. मीठ टाकलं आणि रास लावून मोकळा झालो.

काल ती राशीजवळून जाताना थांबली. नाक वर केलं. मग बाही सारून हात घडीत घातला, कोपरापर्यंत. बाहेर काढला तेव्हा हातातून वाफ निघत होती आणि मुठीत लोकर होती. भसाभस आलेली, मुळासकट.

"मामंजी, ही रास तुम्ही लावलीत."

"मीठ वाईट आहे," मी म्हटलं. "हा नवा मीठवालाही चोर आहे."

"मीठ एकच आहे. बाकीच्या राशी गार आहेत."

"तू मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही. ही ऊब न काढता लावलीत." आणि मग, डावऱ्या, तिने ती लोकर माझ्यापुढे धरली. नुसती दाखवायला. तिच्या मनात काही नव्हतं. पण मला ती लोकर दिसली, तो हात दिसला, आणि कानात आवाज आला तो तिचा नव्हता. माझ्या हातात रापी होती. मी ती फिरवली.

तिने हात आडवा घातला म्हणून तोंड वाचलं. मनगटापासून वर वीतभर कापलं गेलं. पांढरं दिसलं आधी, मग रक्त भरलं. राशीवर पडलं, मिठावर पडलं. मीठ लाल होतं तेव्हा आधी गुलाबी होतं, ते मी दुसऱ्यांदा पाहिलं.

ती ओरडली नाही. पदराने हात बांधला, दातांनी गाठ ओढली. माझ्याकडे बघून म्हणाली, "असंच झालं ना तेव्हा?"

मी रापी टाकली आणि ओंडक्यावर बसलो.

"मीठवालाही हेच म्हणाला ना? ऊब न काढता लावलीत म्हणून?"

मी काय म्हणालो ते आठवत नाही. बहुतेक म्हणालो की मी मागे फळ्या धूत होतो.

ती म्हणाली, "खरेदीदार येईल तेव्हा राशी उघडायच्या आहेत. त्याच्या आत तुम्ही लिहा. नाहीतर मी कोट घेऊन जाते. पण मी गेले तर ते म्हणतील, नवऱ्यासाठी बोलते आहे. तुम्ही लिहिलंत तर तुमचं ऐकतील. कातड्याचं तुमचंच ऐकतात."

नऊ टाके पडले. हकिमाला तिने सांगितलं, काम करताना लागलं. बघ, ती पण खोटं बोलली, पण कुणासाठी.

हे पत्र पाठवू की नको, ठरत नाही.


२ मार्च

वाचणारे साहेब,

आजचं पत्र तुमच्यासाठी आहे. मुलाचं नाव पाकिटावर आहे कारण तसं केल्याशिवाय ते तुमच्या टेबलावर येत नाही. सोबत अकरा तारखेचंही आहे, तेव्हा टाकायचा धीर झाला नव्हता.

मुलाचं कार्ड आलं. तीन वर्षांतलं पहिलं. तुम्ही ते वाचलं असणार आणि तुम्हाला त्यात काळं करण्यासारखं काही सापडलं नसणार. उजव्या हाताने लिहिलंय, लहान पोराची अक्षरं, एक इथे एक तिथे. तीनच शब्द आहेत. "मीठ चांगलं होतं."

साहेब, तुम्हाला ते वेड्यासारखं वाटलं असेल. मी ते हातात धरून सबंध दुपार बसलो. म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत आहे. म्हणजे त्यानेही त्या सकाळी राशीत हात घातला होता.

आता सरळ लिहितो. त्या वर्षी मुलगा बायकोला आणायला तिच्या माहेरी गेला होता. मी एकट्याने दीडशे कातडी लावली. ऊब काढली नाही. महिन्याने केस सुटले तेव्हा मला कळलं होतं की चूक माझी, पण मुलाने विचारलं, "बाबा, हे कशाने?" आणि मी म्हटलं, मिठाने. चाळीस वर्षांत माझी रास गेली नव्हती. मला म्हणवेना. मुलाने माझ्यावर विश्वास ठेवला आणि बाजारात जाऊन मीठवाल्याची गचांडी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीठवाला आला. भांडायला नव्हता आला. चांगलं ऊन पडलं होतं, तो कोटाची बटणं सोडत हसत आला. म्हणाला, "बघू तरी माझ्या मिठाने काय केलं." राशीत हात घातला आणि मोठ्याने हसला. "अरे, हात शेकतोय. म्हाताऱ्या, तू ऊब काढली नाहीस. पोराला माझ्या अंगावर सोडलंस आणि पाप तुझंच."

मी म्हणालो, "हळू बोल."

"हळू कशाला? काल बाजारात तो हळू बोलला का? बोलाव त्याला. त्यालाही हात घालू दे." आणि मूठभर लोकर काढून माझ्या सदऱ्याच्या खिशात कोंबली. वर थोपटली.

मुलाची सुरी ओंडक्यावर होती. मी उजव्या हाताने उचलली. एकच वार, बरगडीखालून वर, मेंढीला घालतो तसा, आणि ओढून बाहेर काढली. त्याला वाटलं मी ढकललं. तो मिठाच्या ढिगावर बसला, म्हणाला, "हे काय रे," आणि आपल्या कोटाकडे बघत राहिला. मग तोंडातून रक्त आलं. खूप आलं. पाय झाडत होता, पिंप लाथेने आडवं झालं. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. धरलं नाही त्याला. कुणाला हाक मारली नाही. मुलाने ऐकलं, तो धावत आला, दोन्ही हातांनी जखम दाबून धरली. तो मेल्यावर मुलाने सुरी पायाखालून उचलली, आणि तेवढ्यात माणसं आत आली.

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी मागे फळ्या धूत होतो." साहेब, मला कुणी विचारलंही नव्हतं.

न्यायालयात तो एवढंच म्हणाला की मी मारलं नाही. कुणी मारलं, असं विचारल्यावर तो पुन्हा माझ्याकडे बघून गप्प बसला. तो वाट बघत होता. मी कोट हातात घेतला, आणि सगळ्यांसमोर, सवयीने उलटतो तसा, लोकर बाहेर करून उलटला. मग वाचलं. कुणाला काही वाटलं नाही. मुलाला वाटलं. तो खाली बघायला लागला तो अजून वर बघितलेला नाही.

कोट सूनबाईबरोबर पाठवतो आहे. कीड काढली आहे, रक्त काढलेलं नाही. धरताना कातडं बाहेर, लोकर आत, बटणं तुमच्याकडे. असाच तो मीठवाल्याच्या अंगात होता. डाव्या बरगडीखाली चीर आहे. जाड टोक आणि बारीक टोक तुम्हाला दिसेल, शिक्षणाची गरज नाही. कुणी म्हणालं की म्हातारा मुलाला सोडवायला स्वतःवर घेतोय, तर त्याच्या हातात कोट द्या आणि बाजू बदलू देऊ नका.

सून आधी मीठवाल्याच्या बायकोकडे जाईल. मीच तसं सांगितलं. ती दिराला सांगेल, आणि मग त्याचा आतला माणूस थांबेल. तो भाऊ मग इकडे येईल. येऊ दे. तुमची माणसं आधी आली तर बरं, नाही आली तर तसं. दाराची नवी कडी मी काढून टाकली आहे. कडी कशासाठी होती ते आता तुम्हाला कळलं.

मला भीती वाटते आहे, साहेब. भीती गेली असं समजू नका. सकाळपासून चार वेळा मागच्या दाराकडे जाऊन आलो.

आता या खालच्या ओळी मुलाला वाचून दाखवा.

डावऱ्या, मीठ चांगलं होतं. तू म्हणतोस तसंच. कोपऱ्यातल्या चाळीस सोडल्या तर यंदाच्या राशी तुझ्या बायकोने लावल्या आहेत, मी सगळ्यांत हात घालून पाहिलं, एकदम गार आहेत. सुटल्यावर खरेदीदार तुझ्याशी बोलेल. उजव्या हाताने सुरी धरायला शिकशील तेव्हा घाई करू नकोस, पहिली पन्नास कातडी फाटतात. फाटू दे.

तुझी बायको गाठोडं काखेत घेऊन दाराशी उभी आहे. हाताची जखम अजून भरलेली नाही म्हणून दुसऱ्या काखेत. तिने हे सगळं वाचलं. वाचून कागद उलटा करून मागची बाजूही बघितली, तिला आता सवयच लागली आहे. म्हणाली, "मामंजी, सही राहिली."

सही करतो आहे.

उजव्या हाताने,
डावऱ्याचा बाप